एकशे शहात्तर म्हणजे किती? शाळेतल्या परीक्षांचे आकडे वाचायची पहिली ओळख

शिष्यवृत्तीचा अंतरिम निकाल लागला की माझा फोन संध्याकाळपर्यंत खाली ठेवता येत नाही. "बाई, एकशे शहात्तर पडलेत. बरे आहेत ना?" तीनशेपैकी एकशे शहात्तर, हे त्यांनाही वाचता येतं. 'बरे आहेत का' हे मात्र मलाही लगेच सांगता येत नाही, कारण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पोराला विषय येतोय का? बाकीच्यांच्या मानाने ते कुठे आहे? आणि शिष्यवृत्ती लागणार का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. एकट्या १७६ मधून तिन्ही निघत नाहीत, खरं तर एकही नीट निघत नाही.

हा लेख दोघांसाठी आहे: घरात पहिल्यांदाच अशा परीक्षेचा निकाल आलाय ते आईबाबा, आणि नव्याने रुजू झालेले, निकालाचा तक्ता हातात घेऊन पालकसभेत उभं राहायची वेळ आलेले शिक्षक. गणित लागेल ते चौथीचं. एक पेन्सिल आणि मुलाची प्रश्नपत्रिका जवळ ठेवा.

पहिली पायरी: परीक्षा कोणी, कशासाठी घेतली ते बघा

पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिचं काम निवड करणं. हजारो मुलांतून ठरावीक मुलं वेगळी काढायची, म्हणून काही प्रश्न मुद्दाम असे ठेवलेले असतात की बहुतेकांना सुटू नयेत. या परीक्षेत ६० टक्के पडले म्हणून 'पोरगं कच्चं आहे' म्हणणं म्हणजे कुस्तीच्या मैदानात पहिल्या फेरीला हरलेल्याला अशक्त म्हणण्यासारखं आहे.

आपण ज्याला पॅट म्हणतो ती नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पायाभूत आणि मग दोन संकलित, ही राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते. तिचं काम निवड नाही. मूल इयत्तेप्रमाणे काय शिकलं, कुठली अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत यायलाच हवी अशी गोष्ट) राहिली, ते शोधायचं. इथे सगळ्या वर्गाला चांगले गुण पडले तर ती आनंदाची गोष्ट. शिष्यवृत्तीत सगळ्यांना चांगले पडले तर मात्र ती प्रश्नपत्रिका फसली.

तिसरा प्रकार सर्वेक्षणांचा: केंद्र सरकारचं परख, 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं असर वगैरे. त्यात तुमच्या मुलाचा आकडा नसतोच. त्याबद्दल शेवटी बोलू, कारण पेपरातल्या बातम्या वाचून सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात.

एक बारीक गोष्ट. वडील नेहमी म्हणतात, "आमच्या वेळी चौथीला स्कॉलरशिप होती, मला इतके पडले होते." होती खरी. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचं ठरलंय. इयत्ता वेगळी, पेपर वेगळे, मुलं वेगळी. बापाचे गुण आणि लेकीचे गुण शेजारीशेजारी ठेवू नका. घरात भांडण तेवढं होतं.

दुसरी पायरी: एकूण आकडा झाका आणि भाग बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी ही, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

पाचवीच्या परीक्षेची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०. दुसऱ्यात तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी माध्यमाला इंग्रजीचे, २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. म्हणजे तीनशेतले दोनशे गुण गणित आणि बुद्धिमत्तेचे. भाषेत हुशार असलेलं मूल इथे एकूणात मागे दिसणारच, कारण तराजूच तसा बनवलाय.

आता दोन मुलं घेऊ. दोघं माझ्याच वर्गातली, दोघांना पहिल्या पेपरात ८८. मुलीचे भाषेचे १९ प्रश्न बरोबर, गणिताचे २५. मुलाचे भाषेचे ११ आणि गणिताचे ३३. दोघांची बेरीज ४४ प्रश्न, ८८ गुण. पालकसभेत दोन्ही आया शेजारी बसल्या होत्या आणि दोघींना वाटत होतं की आपली पोरं सारखीच आहेत. मुलाला उतारा वाचून समजत नव्हता. शाब्दिक उदाहरणातही तो अडायचा तो वाचनामुळे, आकडेमोडीमुळे नव्हे. मुलीचा प्रश्न वेगळाच निघाला.

तिची प्रश्नपत्रिका घरी होती. आमच्या शाळेत आम्ही मुलांना सांगून ठेवतो की उत्तरपत्रिकेवर पर्यायाचा गोल रंगवला की प्रश्नपत्रिकेवरही त्या पर्यायाला बारीक टिंब करायचं. परिषद संकेतस्थळावर उत्तरसूची टाकते ती घेतली. प्रश्नपत्रिकेचे वेगवेगळे संच असतात, आपल्या संचाचीच सूची घ्यायची हं. दुसऱ्या संचाची घेऊन रडारड झालेली मी पाहिली आहे. मग आम्ही दोघी ओसरीवर बसलो आणि गणिताचे पन्नास प्रश्न एकेक करून तपासले. पहिल्या तीस प्रश्नांत वीस बरोबर. शेवटच्या वीस प्रश्नांत पाच बरोबर.

वीसपैकी पाच. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असताना डोळे मिटून गोल रंगवले तरी सरासरी एवढेच बरोबर येतात. मी तिला विचारलं, "शेवटची दोन पानं वाचलीस का गं?" ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "बाई, मॅडमनी दहाच मिनिटं राहिली म्हणून सांगितलं, मग मी सगळे गोल भरून टाकले."

नव्वद मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मुलगी गणितात कच्ची नव्हती, ती हळू होती. भाषेचा उतारा तिने दोनदा वाचला होता आणि तिथेच तिचा वेळ गेला. तिला शिकवणी लावायचा बेत चालला होता, वर्षाचे पैसेही ठरले होते. तिला खरी गरज होती ती घड्याळ लावून सोडवायच्या सरावाची आणि 'अडलं तर पुढे जा' एवढं अंगवळणी पडायची.

म्हणून घरी हे करा: एका कागदावर चार ओळी आखा, भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. प्रत्येकीसमोर 'सुरुवातीचे' आणि 'शेवटचे' असे दोन रकाने. बरोबर प्रश्नांची संख्या भरा, गुण नव्हे. अर्ध्या तासाचं काम आहे. चुकलेल्या प्रश्नांपुढे मुलाला विचारून एक अक्षर लिहा: 'न' म्हणजे येतच नव्हतं, 'घ' म्हणजे घाई झाली, 'व' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. 'व' जास्त आले तर गणिताच्या शिक्षकांकडे जायच्या आधी गोष्टीची पुस्तकं आणा.

तिसरी पायरी: नशिबाचे गुण ओळखा

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे कोणीही गोल रिकामा ठेवत नाही, ठेवूही नये. पण त्याचा अर्थ असा की शून्य हा इथला तळ नाही. काहीच न येणाऱ्या मुलालाही ७५ प्रश्नांत सरासरी १८-१९ उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे १५० पैकी ३७-३८ गुण. कोणी "बघा, अडतीस तरी पडले, अगदीच काही येत नाही असं नाही" म्हणालं तर मनातल्या मनात हा हिशोब करा.

पात्र ठरायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के लागतात. १५० चे ४० टक्के म्हणजे ६० गुण, म्हणजे ३० प्रश्न. समजा एका मुलाला पक्के १५ प्रश्न येतात. उरलेल्या ६० प्रश्नांवर त्याने नुसते गोल भरले. साठाचा चौथा हिस्सा पंधरा. पंधरा आणि पंधरा तीस. मूल पात्र! पेपराचा पाचवा हिस्साच येत असताना.

आणि तेच मूल दुसऱ्या दिवशी तोच पेपर देतं तर? साठ प्रश्नांवर नशीब आजमावलं की दहातल्या साधारण सात वेळा १२ ते १८ उत्तरं बरोबर येतात. म्हणजे त्याचे गुण ५४ ते ६६ मध्ये कुठेही पडतील. ५४ ला 'अपात्र', ६६ ला 'पात्र'. मुलाच्या डोक्यात दोन्ही दिवशी तेवढंच होतं. काठावरच्या निकालात जवळजवळ छापा-काटा असतो, हे शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावं आणि काठावरून खाली पडलेल्या पोराला 'नापास' हा शब्द वापरू नये. मुळात या परीक्षेत तो शब्दच नाही.

आठवीला गंमत थोडी बदलते. तिथे काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण. चार पर्यायांतून दोनची जोडी सहा प्रकारे निवडता येते, म्हणजे तिथे नशिबाचा वाटा चौथ्या हिश्श्यावरून सहाव्या हिश्श्यावर येतो. एकच गोल रंगवून आलेली मुलं पहिल्या वर्षी हमखास सापडतात. ते गुण ज्ञानाअभावी गेलेले नसतात, सूचना न वाचल्याने गेलेले असतात.

चौथी पायरी: आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडा

वजनकाट्यावर उभं राहिलं, उतरलं, पुन्हा उभं राहिलं तर काटा थोडा इकडेतिकडे होतो. परीक्षेचंही तसंच आहे. त्या दिवशी ताप होता, केंद्र दुसऱ्या गावी होतं, नेमका येणारा धडा आला नाही. या सगळ्याने गुण हलतात. दोन मुलांत चार-सहा गुणांचा फरक असेल तर "ही त्याच्यापेक्षा हुशार" असं म्हणायला आधार नसतो.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा घोटाळा रोज होतो. आपल्या श्रेणीच्या तक्त्यात ७१ ते ८० ला ब-१ आणि ८१ ते ९० ला अ-२. त्यामुळे ८० आणि ८१ वाली मुलं दोन वेगळ्या खोल्यांत जातात, आणि ८१ व ९० वाली एकाच खोलीत. एका गुणाने खोली बदलते, नऊ गुणांनी बदलत नाही. श्रेणी वाचताना खाली गुण दिले असतील तर तेही वाचा. दिले नसतील तर वर्गशिक्षकांना विचारा, ते सांगतात.

पाचवी पायरी: 'पात्र' आणि 'शिष्यवृत्तीधारक' यांत फरक आहे

दर वर्षी दहा तरी घरी पेढे आधी वाटले जातात. 'पात्र' म्हणजे दोन्ही पेपरांत ४० टक्क्यांची रेघ ओलांडली. 'शिष्यवृत्तीधारक' म्हणजे गुणवत्ता यादीत नाव आलं आणि पैसे मिळणार: पाचवीला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षं, आठवीला वर्षाला ७,५०० रुपये दोन वर्षं. पहिली रेघ सगळ्यांना सारखी आणि आधीच माहीत असते. दुसरी दर वर्षी नवी बनते, कारण शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते आणि वरून मोजत येऊन जिथे ती संपते तिथे रेघ पडते. शिवाय याद्या ग्रामीण-शहरी अशा वेगळ्या आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या वेगळ्या. त्यामुळे पुण्याच्या आत्येभावाला जेवढे गुण पडून शिष्यवृत्ती लागली नाही, तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या खेड्यात लागू शकते. यात कोणी कोणाचं काही लाटलेलं नसतं.

आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, अशीच. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण. प्रत्येकात ४० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२. पण ते मिळाले म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळाले असं नाही. पुढे जिल्हा आणि प्रवर्गाप्रमाणे निवड यादी लागते.

अंतरिम निकाल हा अंतिम नसतो, हेही इथेच सांगते. आधी उत्तरसूची अंतरिम असते, तिच्यावर आक्षेप घेता येतो, एखादा प्रश्न रद्दही होतो. मग निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज करायला मुदत असते. वरच्या कागदावर तुम्ही मोजलेले गुण आणि निकालातले गुण यांत दोन-चारचा फरक असेल तर मुलाची टिंबं चुकली असतील. वीस-तीसचा असेल तर मुदत जायच्या आत मुख्याध्यापकांना भेटा. "बघू नंतर" म्हणालात तर नंतर काही बघता येत नाही.

सहावी पायरी: टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळा

घरात मोठं भावंड बारावीला असेल तर हा शब्द कानावर पडतोच.

टक्के सांगतात की पेपरातलं किती आलं. पर्सेंटाइल सांगतो की रांगेत तुम्ही कुठे उभे आहात. चाळीस मुलांचा वर्ग घ्या. अवघड पेपर होता, एका मुलाला शंभरपैकी ५२ पडले. त्याच्यासकट ३६ मुलांना ५२ किंवा त्याहून कमी आहेत. ३६ भागिले ४०, गुणिले १००, म्हणजे ९०. त्याचे टक्के ५२ आणि पर्सेंटाइल ९०. दोन्ही आकडे खरे. गावात आजोबांना सांगताना कुठला सांगायचा ते ज्याचं त्याने ठरवावं!

एमएचटी-सीईटीला, म्हणजे बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांसाठीच्या राज्याच्या परीक्षेला, पर्सेंटाइल लागतो, कारण परीक्षा संगणकावर बऱ्याच सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. सकाळचा सोपा गेला, दुपारचा अवघड, तर नुसते गुण जोडीला ठेवून चालत नाही. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या सत्रातल्या मुलांशी करतात. समजा सकाळच्या सत्रात २०० पैकी ११८ ला ९७ पर्सेंटाइल आला आणि दुपारी १०९ ला ९७ आला, तर प्रवेशाच्या रांगेत दोघं एकाच जागी. दुपारवाल्याला नऊ गुण कमी असूनही. यावर दर वर्षी ओरड होते की "आमच्या पोराला जास्त गुण असून मागे टाकलं". ओरडण्याआधी सत्र कुठलं होतं ते विचारा.

दोन खाचखळगे लक्षात ठेवा. एक, वरच्या टोकाला पर्सेंटाइलचा एकेक अंश फार महाग असतो. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरलं तर ९९ पर्सेंटाइलच्या वरसुद्धा तीन हजार मुलं असतात. '९९ आलेत, म्हणजे शंभरात पहिला' एवढ्यावर विसंबून महाविद्यालयांची यादी भरू नका. म्हणूनच तिथे पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत देतात. दोन, मधल्या भागात मुलांची दाटी असते. तिथे दोन-तीन गुण वाढले तरी पर्सेंटाइल टुणकन उडी मारतो आणि कमी झाले तर धपकन खाली येतो. सराव परीक्षेत ५५ चा ४८ झाला म्हणून जेवण टाकायची गरज नसते.

शिकवणीवाल्यांच्या सराव परीक्षेतला पर्सेंटाइल हा त्यांच्याकडे बसलेल्या मुलांतला असतो. तीनशे मुलांतला ९५ आणि तीन लाखांतला ९५ यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. जाहिरातीत ही ओळ नसते.

सातवी पायरी: दोन चाचण्यांची तुलना करताना हात आखडता घ्या

ही माझी स्वतःची चूक आहे. पॅट सुरू झाली त्या वर्षी एका मुलाला पायाभूत चाचणीत गणितात साठ टक्के होते, संकलितमध्ये चोपन्न. मी त्याला वर्गासमोर विचारलं, "दिवाळीत काय नुसते किल्लेच बांधलेस का?" पोरगं खाली मान घालून बसलं. महिन्याभराने केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एका जुन्या गुरुजींनी दोन्ही पेपर टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बाई, पायाभूत कशावर होती?" मागच्या इयत्तेवर. "आणि संकलित?" या वर्षीच्या पहिल्या सत्रावर. मागच्या वर्षीच्या बेरीज-वजाबाकीत साठ आणि या वर्षीच्या अपूर्णांकांत चोपन्न, ही घसरण कशी? अख्ख्या वर्गाची सरासरी किती खाली आली ते मी काढलंच नव्हतं. काढली तेव्हा कळलं की वर्ग अकरा टक्क्यांनी खाली आला होता आणि तो मुलगा फक्त सहाने. तो घसरला नव्हताच, बाकीच्यांच्या मानाने सावरला होता. मी त्याची माफी मागितली, तीही वर्गासमोर.

दोन विषयांचंही तसंच. मराठीत ७० आणि गणितात ६० बघून 'गणित कच्चं' असं लिहिण्याआधी वर्गाची सरासरी बाजूला लिहा. मराठीची सरासरी ७२ आणि गणिताची ४८ असेल तर हे मूल मराठीत वर्गाच्या जरा मागे आणि गणितात चांगलंच पुढे आहे. पण लगेच उलट टोकाला जाऊ नका. अख्खा वर्गच गणितात मागे असेल तर त्यातला पुढचा असणं म्हणजे अपूर्णांक येणं नव्हे. 'इतरांच्या मानाने' आणि 'इयत्तेच्या मानाने' या दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. पालकांशी बोलताना कुठली हातात आहे ते आधी सांगा.

नव्या शिक्षकांना एक सांगणं. पॅटचे गुण सरकारी चॅटबॉटवर भरून झाले की काम संपलं असं वाटतं, कारण रेंज शोधत ओट्यावर उभं राहून ते भरण्यातच जीव जातो. पण पॅटचा उपयोग तिथून सुरू होतो. उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधायच्या आधी प्रश्न आडवे आणि मुलं उभी असा एक तक्ता आखा. बरोबरला टिंब, चूक असेल तर घर रिकामं. तक्ता लांबून बघा. एखादी आडवी ओळ जवळजवळ रिकामी दिसली तर तो प्रश्न मुलांचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे (किंवा प्रश्नच चुकीचा छापलाय, तेही होतं). एखादा उभा रकाना रिकामा दिसला तर त्या मुलाशी बोलायचं. गेल्या वर्षी माझ्या तक्त्यात कोन मोजायच्या प्रश्नाची ओळ अशीच कोरी होती. वर्गात कोनमापक तीनच होते, हे कारण मला तक्ता बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

आठवी पायरी: जिल्ह्याचा आकडा घरी आणू नका

परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं. तिसरी, सहावी आणि नववीची मुलं, देशभरातल्या ७८१ जिल्ह्यांतून निवडलेल्या शाळा. त्याआधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ चं. त्यात इयत्ता तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होत्या. इयत्ताच बदलल्या, तेव्हा "पाचवीचे सहावीला इतके वाढले" अशी वजाबाकी करता येत नाही. तरी बातम्यांत ती केलेली दिसते.

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी ही सर्वेक्षणं. शितावरून भात शिजला का ते कळतं; कुठल्या शितात किती मीठ आहे ते नाही. त्यामुळे 'आपल्या जिल्ह्याचा गणितात अमुक क्रमांक' या बातमीवरून आपल्या गावच्या शाळेबद्दल काही ठरवू नका. तुमची शाळा त्या नमुन्यात नसण्याचीच शक्यता जास्त. दोन जिल्ह्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर वरखालीचे क्रमांकही फार मनावर घ्यायचे नाहीत, चौथ्या पायरीत सांगितलं तेच कारण.

परखमध्ये देशभरात सहावीच्या मुलांची भाषेत सरासरी ५७ टक्के उत्तरं बरोबर आली आणि गणितात ४६ टक्के. यावरून 'मुलं भाषेत अकरा टक्क्यांनी चांगली' असं म्हणायचा मोह होतो. पण भाषेचे प्रश्न सोपे होते की मुलं भाषेत पुढे आहेत, हे या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून कळत नाही. एकाच विषयात आपलं राज्य आणि देश यांची तुलना केली तर ती पटण्यासारखी, कारण प्रश्न तेच.

प्रथम संस्थेचं असर वेगळ्या घराण्यातलं. २००५ पासून चालू आहे आणि ते शाळेत नाही, घरी जाऊन होतं: ग्रामीण भागात, जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, एकेका मुलाला समोर बसवून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. त्यामुळे त्यात शाळेत न जाणारी मुलंही येतात आणि खासगी शाळेतलीही. असरचा आकडा आणि परखचा आकडा जुळला नाही म्हणून एक खोटा असं होत नाही. एकाने विचारलं 'दुसरीचा उतारा वाचता येतो का', दुसऱ्याने विचारलं 'या इयत्तेचं किती येतं'.

असरची एक गोष्ट मात्र मी उचलली आहे. निकालाबद्दल शंका आली की मुलाला जवळ बसवते, मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं एखादं पान मोठ्याने वाचायला लावते आणि एक हातच्याची वजाबाकी देते. पाच मिनिटं लागतात. १७६ वाल्या मुलीच्या आईला मी फोनवर तेच सांगितलं होतं: आज रात्री जेवणं झाली की एवढं करा, आणि उद्या प्रश्नपत्रिका घेऊन शाळेत या. ती आली, प्रश्नपत्रिका आणली, सोबत पेढेही आणले. पेढे आम्ही खाल्ले. पात्र झाली होती ना!